चेंडू न ओलांडणाऱ्या मुलींच्या गावी

नसरीनचा फोन भोरच्या एसटीडी बूथवरून यायचा आणि प्रश्न एकच, "उत्तर आलं का?" टच फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला आम्ही माझ्या ऑफिसातून ईमेल केला होता. उत्तर आलं शुक्रवारी. निवड चाचणी रविवारी पुण्यात, हिर्डोशीत मोबाईलला रेंज नाही, आणि नसरीन सरावासाठी तिथेच मुक्कामी. मग शनिवारी पहाटे प्रिंट पर्समध्ये घातली आणि स्वारगेट गाठलं.

नसरीन शेख ही माझी कॉलेजची मैत्रीण, भोरची, हिर्डोशीच्या शाळेत खेळाची शिक्षिका. टच फुटबॉलमध्ये धक्काबुक्की नाही. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने हात लावला की थांबायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यावरून पाऊल पुढे टाकायचं. घोडं इथेच अडलं होतं. मुलींनी खंडेनवमीला त्या चेंडूची हळदकुंकू वाहून पूजा केली होती, आणि संघातली सगळ्यात वेगवान मुलगी, सुमन, त्याला ओलांडायला तयार नव्हती. न ओलांडलं तर दर वेळी चेंडू समोरच्यांना जाणार. "दुसरं नाव घाला," असं हेडमास्तर म्हणत होते. नसरीनने यादीतली एक ओळ कोरी ठेवली होती. ओलांडण्याला दुसरा काही मार्ग आहे का, हेच आम्ही ईमेलमध्ये विचारलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर ऐका. भोरपर्यंत एसटी भरपूर, दोनेक तासांत पोचवते. तिथे मिसळ खात बसू नका. मी बसले आणि हिर्डोशीची गाडी चुकली. मग जीपने अर्धी वाट, पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेने तासभर चाल. भात कापून झालेलं, हवेत पेंढ्याचा वास. चप्पल मात्र धड घाला.

वाटेत गवताचा भारा घेतलेल्या एक आजी भेटल्या. "कुनाकडं निगालीस?"

"शेख मॅडमकडे."

"त्या चेंडूवाल्या बाई व्हय? माज्या नातीला लई पळवत्यात." थोडं चालून म्हणाल्या, "पन आता जेवती पोटभर."

शाळेमागच्या कापलेल्या खाचरात सराव चालला होता. नसरीनने प्रिंट उभ्याउभ्याच वाचली. संघटनेने लिहिलं होतं की ओलांडणं हा एक मार्ग झाला. चेंडू हाताने दोन पायांमधून मागे सोडला तरी चालतं, नियमात तसं आहेच. नसरीनने नियमपुस्तकाची झेरॉक्स पानं काढली. झेरॉक्सवाल्याने त्या नियमाच्या पानाची शेवटची, नेमकी हीच ओळ कापली होती.

ती बांधावर बसली. "दोन महिने मी या पोरीला अडवून धरलं गं," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सुमन सराव सोडून जवळ आली.

मी सुमनला विचारलं, "फुटबॉलवाले तर लाथ मारतात, ते कसं?"

"त्यो लाथेनंच खेळायचा असतो. ह्यो हातातला हाय," ती शांतपणे म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "मॅडम, तुमी रडू नका. मी यादीत हाय का न्हाई, तेवडं सांगा."

नसरीनने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून नाव लिहिलं. दुपारी सुमनच्या आईने नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, लाज न बाळगता.

रविवारी मैदानावर मीही गेले. सुमनला पहिला हात लागला तेव्हा नसरीनने माझं मनगट असं आवळलं की दुखायला लागलं. सुमन वाकली, चेंडू हाताने पायांमधून मागे सोडला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. खेळ चालू राहिला.

संध्याकाळी घरी पोटऱ्या चोळत बसले होते. धरणाचं पाणी, भाताची खाचरं, खरं तर सगळं लिहून काढायचं होतं. पण डोळ्यांसमोर यायची ती बांधावर बसलेली नसरीन. एवढ्यात तिचा फोन आला. "घेतलं तिला," एवढंच बोलू शकली. मग फोन सुमनने घेतला.

"मावशी, उत्तर धाडलेल्या त्या तिकडच्या लोकास्नी कळवाल का?"

"काय कळवू?"

"आमी चेंडूला पाय लावला न्हाई म्हनावं."

कळवते म्हणाले, आणि फोन ठेवून मनसोक्त रडले.