मी घेतलेले मुजरे

हसाल, पण सांगतेच. आयुष्यात एकदा अख्ख्या बाजारपेठेनं मला मुजरा केला आहे, आणि तेव्हा मी कळांनी बोंबलत होते.

लढाईचे दिवस. नवरा पलटणीत, परमुलखात. माहेर माझं वाईचं, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. सासर सांगलीपलीकडच्या कोरड्या माळावर, एका चिमुकल्या संस्थानात. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेला सकाळपासून कळा, आणि दुपारी सुईणीनं हात टेकले. “मूल आडवं हाय. दवाखान्यात न्या, न्हाईतर दोघंबी जातील.” दवाखाना संस्थानच्या गावी, चार कोसांवर, राणीसाहेबांनीच बांधवलेला. थोरल्या दिरांनी गाडी जुंपली, सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. पण बैल ते बैल, आपल्या चालीनंच चालणार! दर धक्क्याला वाटे, गेलं, हेही गेलं.

मागून भोंगा वाजला. राणीसाहेबांची मोटार, काचांना जाड पडदे. त्या गोषात असत. त्यांचं तोंड आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. दिरांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून मुजऱ्याला वाकले. नेमकी तेव्हाच मला कळ आली, मी किंकाळी फोडली आणि मोटार थांबली. दार उघडलं. आणि बाई गं! राणीसाहेब स्वतः मातीत उतरल्या.

“हिला आत घ्या.”

ड्रायव्हर चाचरला, “सरकार, आणि आपण?”

“आम्ही बैलगाडीतून येतो.”

सासूबाई रडकुंडीला आल्या. “आवं, गादी नासंल की!”

“गादी धुता येते,” राणीसाहेब म्हणाल्या आणि पदर सावरून कडब्यावर जाऊन बसल्यासुद्धा.

मला नि सासूबाईंना घेऊन मोटार सुटली. वेशीपाशी शिपायानं खाडकन सलाम ठोकला. पेठेत वाणी, तांबोळी, शिंपी, सगळे उठून वाकले. सासूबाई फटीतून बघत कपाळ बडवत होत्या, “अगं, मुजरं करत्यात आपल्याला! पाप लागंल!” मला कसलं पाप नि कसलं पुण्य! मी अशी ओरडले की वाकलेली माणसं ताडकन सरळ झाली. “राणीसायबास्नी काय झालं?” म्हणत अर्धी पेठ मोटारीमागं धावली. एक जण तर आडबोळानं पळत जाऊन आधीच दवाखान्यात वर्दी देऊन आला. आम्ही पोचलो तर डॉक्टरीणबाई अनवाणी दारात, नर्सबाया मागं, गरम पाणी तयार. पडदा सारला, तर आत मी! डॉक्टरीणबाई कडाडल्या, “बघता काय? उचला!” त्यांनी मूल हातानं फिरवून घेतलं.

मुलगी झाली. आणि रडली! देवा, काय रडली! तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

राणीसाहेब पोचल्या दिवेलागणीला. वेशीवर त्याच शिपायानं गाडी अडवली होती म्हणे, “ए, हो बाजूला, राणीसायबांची मोटार आत गेलीया, परतंल आता!” त्यांनी पदर पुढं ओढला आणि दिरांना गाडी कडेला घ्यायला खुणावलं. हे दिरांनी पुढं जन्मभर येईल त्याला ऐकवलं. राणीसाहेबांनी पोर उचलून घेतली. “आमचे मुजरे हिनं घेतले तर!” आणि खळखळून हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोटार दवाखान्याचीही झाली, अडलेल्या बायकांसाठी. राणीसाहेबांनी पडदे तसेच ठेवायला सांगितले. आत राणीसाहेब की अडलेली बाई ते कळायचं नाही, म्हणून लोक दर खेपेला वाकायचेच. उगाच कशाला जोखीम! आमच्या बाया पोटुशीला चिडवायच्या, “तुझं काय बाई, मुजरं घेत बाळंत हुशील!”

पोर पाचेक वर्षांची असताना राणीसाहेब गेल्या. सगळा मुलूख पेठेत लोटला होता. अंत्ययात्रा पुढं गेली, माणसं अजून पांगली नव्हती, तेवढ्यात भोंगा वाजला. तीच मोटार, तेच पडदे, आतून कुणाचं तरी कण्हणं. आत राणीसाहेब नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी म्हाताऱ्या शिपायानं सलाम ठोकला, आणि अख्खी पेठ वाकली. मीही रडत रडत वाकले, आणि पोरीची मान धरून तिलाही वाकवलं.