फुटकी नळी

आमच्या वैद्यकीय संग्रहालयातले शिपाईकाका वणीकडचे. एक कपाट उघडण्याआधी ते न चुकता चपला काढतात. त्यात टाके घालायचे जुने धागे आहेत, काचेच्या बंद नळ्यांत औषधात बुडवून ठेवलेले. काका श्वास रोखून एकेक नळी पुसतात.

परवा त्यांत एक फुटकी, रिकामी नळी दिसली. मी ती कचऱ्यात टाकली. काकांनी ती उचलली, पुसली आणि सगळ्यांच्या पुढे ठेवली.

"अहो, फुटकी कशाला ठेवता?" मी चिडले.

"मॅडम, नळी फोडल्याबिगर धागाच नाई निघे. ह्या साऱ्या तश्याच पडून राह्यल्या. हिच्यातल्या धाग्यानं कोनाचं तरी पोट शिवलं असन."

मी खाली पाहिलं. माझ्या पायात बूट होते.