कोरड्या आभाळाचं पाणी

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, लढाईत पार इराकातल्या बसऱ्याला गेले होते, हे तुम्हाला आमच्या गावात त्या काळी कुणीही शपथेवर सांगितलं असतं. आबा कुठंही गेले नव्हते. हे मला ठाऊक, आईला ठाऊक आणि आबांना ठाऊक. आता ते दोघंही गेले, मीही म्हातारी झाले, तेव्हा सांगायला हरकत नाही.

अर्जुनराव त्यांचं नाव. चाकणच्या अलीकडं, इंद्रायणीच्या काठाला आमचं गाव. पावसाळ्यात नदी फुगली की आबा गावची नाव चालवायचे, आणि बाकीचं वर्षभर तोंड चालवायचे. शेत आई बघायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आबा गाव सोडून गेले होते. लढाई संपल्यावर परत आले ते अंगात खाकी कोट घालून, आणि त्याच संध्याकाळी पारावर बसून त्यांनी बसरा सुरू केला. जहाज, लाटा, आरबांचे उंट आणि जहाजावरून गळ टाकून धरलेला मासा. हा मासा आधी शेळीएवढा होता म्हणे. मला कळायला लागलं तोवर त्याचं वासरू झालं होतं.

गाव तरी काय, एक नंबरचं रिकामटेकडं. रोज दिवेलागणीला पारावर येऊन तेच उंट आणि तोच मासा ऐकायचं आणि रोज तोंडाचा आ करायचं. आई एकदाच बोलली होती, "समुद्रावरनं आलं, पर मिठाचा खडा आणला न्हाई घरला." पण मी आबांचीच पोर. पाणवठ्यावर कुणी आबांना थापाड्या म्हटलं की मी तिची वेणी धरत असे. माझा बाप समुद्र बघितलेला माणूस आहे, एवढंच माझ्याजवळ मिरवायला होतं. बाकी अंगावर धड लुगडं नव्हतं.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावात मालोजी नावाचा एक होता. दुसऱ्याचं कौतुक झालं की ह्याचं पोट दुखायचं. एका संध्याकाळी आबा माशाला पाण्याबाहेर ओढतच होते, तेवढ्यात हा म्हणाला, "अर्जुनराव, आपल्या ज्योतीरामाची लॉरी कांदा घेऊन उरणला जाती. जा तिच्यातनं, आन आणा समुद्रातला एक मासा. वासराएवढा नको, वीतभर बी चालंल. आणलात तर ह्या पारावर माझा पटका तुमच्या पायावर ठिवीन. न्हाईतर बसऱ्याचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाई."

"आन ह्यानं बाजारातनं इकत आणला तर?" कुणीतरी विचारलं.

"शकूला साक्षीला न्हेऊ द्या," मालोजी माझ्याकडं बोट करत म्हणाला. "पोर खोटं बोलायची न्हाई."

सगळ्यांना पटलं. आबांनी छाती पुढं काढून हो म्हटलं, पण घरी आल्यावर ते भाकरी चिवडत बसले. मला वाटलं, मोठ्या माशाच्या विचारात आहेत. पैज त्यांची, पण जीव माझा टांगणीला. आबा हरले तर उद्या पाणवठ्यावर मी कुठल्या तोंडानं जाणार होते?

लॉरीतल्या कांद्याच्या पोत्यांवर बसून आम्ही घाट उतरलो. उरणला पोचलो आणि घरांच्या आडून समुद्र एकदम समोर आला. मी तर बघतच राहिले. शेजारी बघितलं तर आबाही बघतच राहिलेले, माझ्यापेक्षा जास्त. मग माझ्याकडं लक्ष गेल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पैल्यापरीस बारका झालाय."

समुद्र बारका झालाय. तेव्हासुद्धा मला काही खटकलं नाही. माझी अक्कलही त्यांच्याच वळणाची.

ज्योतीरामाचा कांदा जो कोळी घेई, त्याची एक लहान होडी होती. आबांनी त्याला बसऱ्याचं असं काही ऐकवलं, की त्यानं होडी आमच्या ताब्यात दिली. एवढंच बजावलं, "त्या कातळाच्या पलीकडं जाऊ नको. आन पाणी चढायच्या आत ये." आबांनी मान वर करून आभाळ बघितलं. ढगाचा पुंजका नव्हता कुठं. आबा हसले आणि म्हणाले, "आमाला सांगताय व्हय?" खऱ्या खलाशापुढं जास्त काय बोलायचं म्हणून तो बिचारा गप्प बसला.

वल्हं मारणं मात्र आबांना येत होतं, खोटं का बोलू. किनारा लांब गेला, होडी हलायला लागली. आबांनी गळाला बाजरीच्या पिठाची गोळी लावली. देहूच्या डोहातला मासा आमच्याकडं कुणी धरत नाही, पण खालच्या डोहात आबा ह्याच गोळीवर मरळ काढायचे. समुद्राच्या माशांनी बाजरी कधी बघितली असणार? पीठ पाण्यात विरघळून जायचं, आबा नवी गोळी लावायचे. असं करता करता गळासाठी आणलेलं पीठ संपलं. मला मळमळून दोनदा ओकारी झाली. आबा म्हणाले, "बसऱ्याला जाताना समद्यांनाच हुती," आणि मग स्वतःच काठावर वाकून ओकले.

पुढं कोळ्यानं सांगितलेला कातळ लागला. चांगला खळ्याएवढा, पाण्याच्या वर आलेला, कोरडा. त्याच्या खळग्यांत बोटाएवढे मासे अडकून फिरत होते. आबांचा चेहरा खुलला. होडी त्यांनी कातळाच्या उतारावर ओढून ठेवली. दोरी बांधली नाही, दगड लावला नाही. नदीला उन्हाळ्यात आम्ही नाव अशीच काठावर ओढून ठेवतो, ती आषाढापर्यंत जागची हलत नाही. मग आम्ही ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली, आबांनी तोंडावर पटका टाकला आणि घोरायला लागले. मी खळग्यातले मासे ओंजळीनं टोपलीत भरत बसले. वीतभर नसले तरी समुद्राचे होते. मालोजीच्या पटक्यापुरते बास होते.

माझ्या घोट्याला पाणी लागलं. मी मागं सरले. परत लागलं. मी आबांना हलवलं.

"आबा, पाणी वाढतंय."

त्यांनी पटका काढला आणि आभाळ बघितलं. "येडी का खुळी तू? ढग हाय का एक तरी? वर पाऊस न्हाई, वढ्यानाल्याला पाणी न्हाई, मग पाणी वाढंल कुठनं?" आणि पुन्हा पटका ओढून घेतला.

म्हणणं बरोबरच होतं. आमच्याकडं पाणी आभाळातून पडतं, डोंगरातून उतरतं आणि मग नदी वाढते. आपल्या मनानं वर चढून येणारं पाणी आमच्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. पण समुद्राला काय त्याचं? त्यानं आधी खळगे भरले, मग माझी टोपली उचलली. आबा उठेपर्यंत होडीही उचलली गेली होती आणि चार हात लांब गेली होती. आबा धोतरासकट तिच्या मागं उडी मारून पोहायला लागले. ओढ अशी होती की होडी लांबच जायची. मी मागून ओरडले तेव्हा ते वळले आणि धापा टाकत परत आले. मला पाठीवर घेऊन किनाऱ्याकडं जायचंही बघितलं, पण दोन हात मारल्याबरोबर ओढीनं आम्हाला बाजूला नेलं. कसेबसे पुन्हा कातळावर पाय टेकले.

कातळाचा सगळ्यात उंच भाग शोधून आबा त्यावर उभे राहिले आणि मला खांद्यावर घेतलं. पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. ते चढत होतं आणि आबा अजूनही आभाळाकडं बघत होते, कुणी फसवल्यासारखे. पाणी छातीला आलं तेव्हा ते म्हणाले, "शके."

"काय?"

"म्या बसऱ्याला न्हवतो गेलो गं."

मी खाली वाकून त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"खडकीला हुतो. लष्कराच्या खेचरांची लीद काढत हुतो. तितं एक शिपाई बसऱ्याहून आल्ता, तो सांगायचा."

"आन मासा?"

"मासा बी त्येचाच."

बुडायच्या वेळेला माणसाला राग येतो का म्हणाल, तर येतो. मी ज्यांच्यासाठी पाणवठ्यावर मारामाऱ्या केल्या, त्यांचा मासासुद्धा दुसऱ्याचा. मी त्यांचे केस धरले होते, ते मुठीत घेऊन जोरानं ओढले. पाणी हनुवटीला आलं. लाट आली की त्यांचं नाक बुडायचं, लाट गेली की फुर्रकन श्वास घ्यायचे. पण माझ्या पायांवरची त्यांची पकड सुटली नाही. एवढं एक त्यांचं स्वतःचं होतं, कुणा शिपायाचं नव्हतं. आणि मला रडू फुटलं, कारण मला हा माणूस मरायला नको होता. बसऱ्याला गेलेला असो नाहीतर नसो.

मोकळी होडी वाहत आलेली बघून कोळ्याची बायको दुसरी होडी घेऊन निघाली होती, म्हणून वाचलो. तिनं आधी मला ओढून घेतलं, मग आबांच्या काखेत हात घालून त्यांना आत टाकलं, आणि किनारा येईस्तोवर त्यांची अशी खरडपट्टी काढली की आबा मान खाली घालून बसले. तिनं आम्हाला कोरडी लुगडी दिली, आबांनाही लुगडंच. भात वाढला. निघताना एक खारवलेला मासा पानात बांधून दिला. चांगला हातभर होता.

परतताना लॉरीत मी आबांना म्हटलं, "काय बोलू नगा. मासा दाखवा आन पटका घ्या. म्या बी काय बोलणार न्हाई."

आबा बराच वेळ पोत्यावर बोट ओढत राहिले. "न्हाई," म्हणाले. "एकदा खरं सांगून बघतो."

दिवेलागणीला सगळं गाव पारावर होतं. आबांनी मासा खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्यो म्या धरला न्हाई, कोळणीनं दिलाय." मग बसऱ्याचं खोटं होतं ते सांगितलं, खडकी सांगितली, लीदसुद्धा सांगितली. मग कातळ सांगितला, पाणी कसं चढलं ते सांगितलं. माझ्या जन्मात त्यांना इतकं सरळ बोलताना मी ऐकलं नव्हतं.

म्हातारे दत्तोबा म्हणाले, "आभाळ कोरडं हुतं म्हंतोस?"

"कोरडं ठाक."

"आन पाणी चढलं. उन्हाळ्यात."

"व्हय."

सगळा पार हसायला लागला. दत्तोबांचा सगळा जन्म नदीकाठी गेलेला, त्यांना तर हसून ठसका लागला. मालोजी म्हणाला, "अर्जुनराव, बसऱ्याचं एक येळ मानलं आस्तं. पर ही थाप लई झाली. शके, तू सांग."

मी सांगितलं. पाणी घोट्याला लागलं, टोपली गेली, होडी गेली, आबांनी खांद्यावर घेतलं. पोर खोटं बोलायची नाही म्हणून ज्यांनी मला धाडलं होतं, तेच म्हणाले, "पोर बापावर गेली." वासराएवढा मासा जे इतकी वर्षं अख्खा गिळत होते, त्यांच्या घशाखाली ओंजळभर खरं पाणी उतरेना. मालोजीनं पटक्याला हात लावला नाही, आणि वर घरी येऊन निम्मा मासा वाटणीला घेऊन गेला.

घरी जाताना आबा म्हणाले, "बसराच बरा हुता."

मग ते पारावर जायचे बंद झाले. मालोजीनं पैज जिंकली होती, पण चारच संध्याकाळी गेल्या आणि लोक जांभया द्यायला लागले. एकमेकांना काय सांगणार? ह्याची म्हैस आणि त्याचा बांध. शेवटी मालोजीच दारात येऊन उभा राहिला. "अर्जुनराव, चला की. ते उंटाचं आर्धंच राह्यलंय."

"ते खोटं हाय, मालोजी. सांगितलं न्हवं तुला."

"आसूं द्या वो. चला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी खुंटीवरचा खाकी कोट काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "जावा. पर मासा आता वाढवू नगा."

मागोमाग मीही गेले आणि बायकांच्यात उभी राहिले. आबांनी मासा वाढवला नाही. पण त्या संध्याकाळी गोष्टीत एक नवीन पोरगी आली. जहाजावरच्या साहेबाची लेक. बसऱ्याच्या बंदरात ती कातळावर अडकली, पाणी चढत गेलं, आणि आबांनी तिला खांद्यावर घेऊन हनुवटीएवढ्या पाण्यात उभं राहून वाचवलं. आभाळ कोरडं होतं का, हे कुणी विचारलं नाही. दत्तोबांनी उपरण्यानं डोळे पुसले. मालोजी मागं वळून मला म्हणाला, "बघ शके, काय काळजाचा माणूस हाय तुझा बाप."

मी म्हटलं, "व्हय. ठावं हाय मला."