खलबत्त्याची फरशी

सुलतानपूरच्या आमच्या नव्या घरात आलेला फरशीवाला मिस्त्री प्रत्येक टाइल बोटाच्या पेरानं वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. माझी लाडकी, पातळ, चकचकीत टाइल वाजवून त्यानं विचारलं, "ताई, तिखट कुठी कुटता?"

"मिक्सर आहे," मी म्हणाले.

तो आईकडे वळला. "काकू, तुमी सांगा."

"खलबत्त्यात," आई हळूच म्हणाली.

"मंग चमक पाहुण्याइले दाखवा. सैपाकघराच्या कोपऱ्यात दीड इंची शहाबादी टाकतो. खलबत्त्याले जाडीच लागते."

आई लगबगीनं जाऊन पोत्यात बांधलेला लोखंडी खलबत्ता घेऊन आली. माझ्या टाइलला तडा जाऊ नये म्हणून तिनं तो शेजारणीला द्यायला काढला होता. मिस्त्रीनं हसत गाठ सोडली. टाइल निवडताना मी दुकानात सगळ्यांना विचारलं होतं, आईला सोडून.