आमोसचं शनिवारचं डिझेल

भिंगारच्या बाजारात जुन्या सायकलीत काही गंजून अडकून बसलं की लोक शनिवारची वाट बघतात. आमोस मिस्त्री शनिवारी संध्याकाळी असल्या हट्टी सायकलींना डिझेल पाजतो आणि दुकान बंद करून घरी जातो. रविवारी तो चर्चमध्ये आणि डिझेल गंजात. सोमवारी निम्मं काम आपोआप झालेलं असतं. घाईच्या गिऱ्हाइकाला तो सरळ दुसरीकडे पिटाळतो, तोंडाचा तसा फटकळच.

त्या शनिवारी लंकाबाई नवऱ्याची सायकल ढकलत आली. तिचा नवरा बिभीषण म्हणजे आमोसचा शाळेपासूनचा दोस्त, ताडमाड उंच. वर्षानुवर्षं तो याच सायकलवरून नगरच्या एमआयडीसीत कामाला जायचा. सीट इतकी वर की दुसऱ्या कुणाची टांग पोचू नये. पुढे ती तिथेच जाम झाली, तेव्हा मेव्हणे सायकल मागायचे बंद झाले म्हणून हा गडी खूशच झाला होता! पण दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. आता काठी टेकत कसाबसा चालतो. लंकाबाईनं एका होस्टेलात स्वयंपाकाचं काम धरलं होतं आणि जायला-यायला तिला सायकल हवी होती.

"सीट खाली सरकत न्हाई. पाइप कापून टाका भाऊजी," ती म्हणाली.

कापणं सोपं होतं. वरचा तुकडा उडवायचा आणि उरलेल्या थोटकावर सीट बसवायची, झालं. पण मग ती सीट पुन्हा कधी बिभीषणच्या उंचीला आली नसती. दोस्त आता सायकलवर बसणार नाही हे आपणच ठरवून टाकायचं? आमोसचा जीव कळवळला.

"सोमवारपर्यंत थांबा वहिनी," एवढंच तो म्हणाला. सायकल उलटी टांगून त्यानं सीटचा पाइप ज्या नळीत अडकला होता तिच्या खालच्या तोंडातून डिझेल सोडलं.

सोमवारी त्यानं सीट काढून पाइपाचं टोक शिकंज्यात आवळलं आणि अख्खी सायकलच धरून फिरवायला घेतली. ढिम्म. नळीवर उकळतं पाणी ओतलं, हातोडीनं हलके ठोके दिले, सायकलला दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा जोर लावला. दुपारी कुठे करकर आवाज झाला. मग नळीतून लाल चिखल गाळत पाइप सगळाच्या सगळा बाहेर आला.

संध्याकाळी लंकाबाईबरोबर रिक्षातून बिभीषणही आला. आमोसनं सीट चार बोटंच खाली घेतली होती. त्याहून खाली घ्यायला त्याचं मन धजलं नव्हतं.

"पाइप साबूत हाय बघ बिभ्या!"

बिभीषणनं सीटकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तिचं पाय टेकायचं न्हाईत. पडंल ती," तो जड जिभेनं म्हणाला. "ढिली कर."

आमोसनं नट सैल केला. बिभीषणनं चांगल्या हातानं सीट दाबत दाबत पार तळाला नेली. यानं आशा सोडली, असं वाटून आमोसला भरून आलं. तो नट आवळायला वाकला.

"थांब. आदी पाइपाला ग्रीस लाव."

"आता कशाला?"

"तुझी वहिनी काय जलमभर चालवनार हाय? मला परत वर घ्यायचीय."

आमोसला इतका आनंद झाला की त्यानं ग्रीसचा अख्खा डबाच उचलून आणला.