मोहितेकाकांचा कोंडलेला स्वर

मोहितेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि बस हिंजवडीच्या अलीकडे, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी अडकली होती. त्यांच्या पत्नीचा, शैलाकाकूंचा, आवाज अगदी साधा होता. "काका गेले गं सकाळी. सावकाश ये, घाई करून तरी आता काय होणार आहे?" मी चारचौघांत रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

काका लष्कराच्या बँडमध्ये ओबो वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईची विलायती बहीण. काळं लाकूड, भोकांवर चकचकीत झाकणं आणि तोंडाशी वेताची दुहेरी रीड, म्हणजे फुंकायची पत्ती; तिच्याशिवाय ओबो मुका. निवृत्तीनंतर कोथरूडच्या दोन खोल्यांत ते शिकवत आणि लोकांची वाद्यं दुरुस्त करत. परदेशातल्या प्रोजेक्टवरून येताना मी हौसेनं एक जुना ओबो आणला होता, तो घेऊन त्यांच्याकडे शिकायला गेले. त्याचे खालचे स्वर नाक चोंदल्यासारखे निघायचे. दोष रीडचाच, असं मी ठामपणे सांगितलं. "सगळे रीडलाच शिव्या देतात," काका म्हणाले. "आधी हवा कुठून पळते ते बघ." त्यांनी कोंबडीच्या पिसानं भोकं साफ केली. मग एकेका झाकणाखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून, झाकण दाबून, तो हलकेच ओढायला सुरुवात केली. कागद अडकला तर झाकण नीट बसतंय. वरच्या एका झाकणाखालून तो अलगद सुटून आला. "कोंडतं खाली, पण गळतं वर," असं म्हणत त्यांनी एक बारका स्क्रू जेमतेम फिरवला, आणि माझा ओबो मोकळा झाला.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ओबोचा सगळ्यात खालचा स्वर कायम कोंडलेला. रोज दुपारी चारला रियाझ संपवताना ते नेमका तोच लांबवत. जाड पडद्याआडून कुणी बोलावं तसा तो यायचा... "काका, दिव्याखाली अंधार," मी चिडवायचे. "असू दे. पुण्यात राहतेस, न विचारता सल्ला देणारच. पण हात लावायचा नाही." तेवढ्यात काकू चहा घेऊन यायच्या आणि विषय तिथंच संपायचा.

काकांना जाऊन महिना झाला त्या दिवशी मी काकूंकडे गेले. ओट्यावर दोन कप होते. "चारला अजून येतो गं आवाज," काकू म्हणाल्या. "ओबोच्या बंद पेटीतून. मग मी आपली चहा टाकते." माणूस गेल्यावर कान काही दिवस जुन्या सवयीनंच चालतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग त्या म्हणाल्या, "आज तू वाजव. त्यांना बरं वाटेल." पेटी उघडली तर आतून लवंगेचा वास आला, वाजवण्याआधी काका लवंग चघळत. आणि माझे हात शिवशिवले. गुरुदक्षिणा समजून मी कागद लावला, गळती शोधली, स्क्रू फिरवला. खालचा स्वर गोल, स्वच्छ निघाला. मला इतका आनंद झाला! काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "कोण आलंय?"

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "आठ दिवस झाले, चारला काही ऐकू येत नाही. तू काही केलंस का?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो स्क्रू त्यांनी मुद्दाम सैल ठेवला होता गं. दिवसभर इतके जण वाजवून जायचे, त्यात यांचं कुठलं ते मला ओट्यापाशी कळायला नको? त्या आवाजावर मी आधण ठेवायचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी चहा सोडला होता, जेवणही नावापुरतं. ऑफिसात नव्या लोकांना मीच बजावते की चालू गोष्टीला हात लावण्याआधी ती कशी होती ते लिहून ठेवा. आणि इथं स्क्रू किती फिरवला, हेही मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जाऊन बसले. केसभर सैल करायचं, रीड लावायची, वाजवायचं. कधी स्वर स्वच्छ निघे, कधी निघतच नसे. प्रत्येक वेळी काकू दारातून मान हलवत. "नाही. हे ते नव्हेत." शेवटी त्या हताश होऊन आत गेल्या. रीड सुकली होती म्हणून मी ती काढून पाण्याच्या वाटीत टाकली, आणि रिकामा ओबो मांडीवर घेऊन स्क्रू अजून एकदा, जेमतेम, मागे फिरवला.

बोटांखालचं लाकूड किंचित थरथरलं. तो स्वर मी ऐकला... कोंडलेला, लांबवलेला, अगदी जवळून. लवंगेचा वास आला. आतून पातेल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ काकूंचा, कितीतरी दिवसांनी हलका झालेला. "काका आले गं! आधण ठेवते. तूही थांब चहाला."

मी वाटीकडे पाहिलं. रीड अजून पाण्यातच होती.