दुःखाच्या घरी मागायला जाणारी कमू

सांत्वन हा शब्द साखरशेतच्या पाड्यावर कुणाच्या तोंडी नाही. तो वर्तमानपत्रात असतो आणि पुढाऱ्यांच्या भाषणात. इथे माणूस गेलं की लोक 'बसायला' जातात. पण नुसतं बसवत कुणालाच नाही. येणारा प्रत्येक जण बोलतो, देवाची मर्जी म्हणतो, धीर धर म्हणतो, आणि चहा पिऊन परतीची जीप गाठतो.

कमूला हे बोलणं कधी जमलंच नाही, आणि जमलं नाही तेच बरं झालं. पन्नाशी ओलांडलेली ही बाई, पावसाळ्यात नागलीच्या शेतात आणि पुढे वीटभट्टीवर राबणारी. दुःखाच्या घरी ती जाते आणि चक्क काहीतरी मागते. लेक गेलेल्या एका आईकडे तिने अंडी उबवायला खुडूक कोंबडी मागितली. नवरा गेलेल्या एकीच्या दाराशी शेळी बांधली आणि "बाजारातून येतं तवर हिला बघ" म्हणून चालती झाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. हिला काळवेळ कळत नाही म्हणाले.

काळवेळ तिला चांगली कळत होती. तिचा नवरा भट्टीवरच वारला, तेव्हा आल्यागेल्याने तिला दिलंच दिलं. भाकरी दिली, लुगडं दिलं, उपदेश तर टोपलीभर दिला. घेऊन घेऊन ती दगड झाली होती. मग शेजारच्या म्हातारीने रडणारं नातवंड तिच्या मांडीवर टाकलं आणि सांभाळ म्हणून पाण्याला गेली. पोर उगी करताना कमूला वाटलं, आपण अजून कुणाच्या तरी कामाचे आहोत. त्या दिवसापासून तिने हीच रीत धरली.

यंदा मंगळी गेली. मंगळी म्हणजे जिवादादाची बायको. दोघं मिळून बांबूकाम करायची. ती बांबू फोडून कामट्या काढायची, तो सुपं-टोपल्या विणायचा. आख्खा पाडा त्यांच्या सुपात धान्य पाखडतो. ती गेली आणि जिवादादाने हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. ओट्यावर आपल्या नेहमीच्या खांबाशी बसायचा. बोलणं बंद. पोरगा गौतम मोखाड्याला मास्तर, तो रजा टाकून आला होता. वाटी तोंडाशी धरली की म्हातारा दोन घास गिळायचा आणि तोंड मिटायचा. दिवस उरकले तरी तेच. अंगावरचा सदरा लोंबायला लागला. "असंच चाललं तर बाबाही जातील," गौतम एकदा कमूपाशी बोलून गेला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

कमू दुसऱ्या दिवशी काठ उसवलेलं सूप घेऊन हजर. "दादा, येवढं बांधून दे." जिवाने पाहिलंही नाही. मग तिने बूड गेलेली टोपली आणली. तीही तशीच पडून राहिली. घरातली मोडकी संपली तेव्हा तिने एक धडधाकट सूप परसात नेऊन दगडाने मोडलं, आणि नेमकं तिच्या सुनेने, हिरीने, पाहिलं.

"आत्ये, आता पाखडायचं कशात?"

"हातानं पाखड," कमू म्हणाली आणि मोडकं सूप घेऊन निघाली.

तेही वाया गेलं. ओट्यावर तिच्या घरचं सामान साचलं आणि म्हातारा होता तिथेच. कमूला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर कुणी तिला रागावलं होतं, कुणी हाकललं होतं, पण असं कुणी तिच्या आरपार बघितलं नव्हतं. ती घरी गेली नाही. भिंतीला टेकवलेला बांबू तिने ओढला, वळचणीचा कोयता काढला आणि जिवाच्या शेजारी, मंगळीच्या जागेवर, फतकल मारून बसली.

त्या जागेवर एवढ्या दिवसांत कुणी बसलं नव्हतं. येणाऱ्यांना गौतम प्लास्टिकच्या खुर्च्या द्यायचा. "मावशी, तिथं नको," तो घाईने म्हणाला.

"मग कोठं बसू? कामट्या लागतील ना दादाला."

कमूला कामट्या काढता येत नव्हत्या, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. तिने बुंध्याकडून घाव घातला. बांबू वेडावाकडा चिरला. दुसरा घाव घसरला आणि कोयता जिवाच्या गुडघ्याजवळून सपकन गेला.

"माजा पाय तोडशील!"

गौतमच्या हातातली वाटी कलंडली. बोलला तो जिवाच होता. आवाज बसलेला, पण राग चांगला खणखणीत होता.

"तं कसं धरू?" कमूने विचारलं.

"शेंड्याकडून फोडतात. आनी तू उजव्या हातानं चालवतं. ती डावरी होती." जिवाने श्वास घेतला. "डावरी होती म्हणून मी हिकडं, तिच्या उजव्या अंगाला बसायचा. तिचा कोयता कधी मना लागला नाय. लगीन झालं तवापासून मी हिकडंच बसतं..."

म्हातारा रडायला लागला, आणि इतक्या मोठ्याने की वाटेवरची माणसं थबकली. गौतम पुढे सरसावला, "बाबा, रडू नका" ओठांवर आलंच होतं. कमूने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग तोही रडला. आईसाठी तो अजून रडलाच नव्हता.

कमू चिरलेला बांबू मांडीवर धरून बसून राहिली. मंगळी कशी चिडायची, भर पावसात बांबू तोडायला कशी पुढे निघायची, हे जिवा सांगत गेला आणि ती "हां" म्हणत गेली. बऱ्याच वेळाने त्याने सदऱ्याने तोंड पुसलं आणि पोराकडे नीट पाहिलं.

"गौतम, तू जेवला का नाय?"

गौतमने नाही म्हणून मान हलवली.

"मग वाढ की दोघांना," जिवा म्हणाला. "भूक लागली."